अंगठ्याची जागा

"कुंकू तेवढं राहू दे," मामी म्हणाली, आणि चहाचा कप माझ्या बाजूला ठेवून आत निघून गेली.

चिपळूणच्या घराच्या मागच्या पडवीत मी मामाचा कॅमेरा पुढ्यात घेऊन बसले होते. पावसाची एक जोरदार सर येऊन गेली होती आणि पन्हळीतून अजून पाणी गळत होतं. कॅमेऱ्याचं मागचं झाकण बिजागरीजवळची छोटी खिट्टी दाबून मी सुटं केलं होतं. ते मांडीवरच्या जुन्या पंचावर ठेवून स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसत होते. डावीकडचा अर्धा भाग मोकळा झाला होता. चिकट काळा थर निघून खालचं टणक, किंचित चकाकणारं प्लॅस्टिक दिसत होतं. माझं कापड मधोमध येऊन पोचलं होतं, आणि तिथेच कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. बोट म्हणजे तरी काय, एकावर एक लागलेली कितीतरी बोटं. कडेला जुनं, तपकिरी पडलेलं आणि मध्ये जरा ताजं, लालसर. सोबत हळदीची पिवळी छटा आणि चिकट थरात अर्धा रुतलेला अक्षतेचा एक दाणा. मामी तशी काही हट्ट करणारी बाई नव्हे. कॅमेरा साफ कर, असं तिनेच मला फोनवर दोनदा सांगितलं होतं. त्यामुळे तिचं ते एक वाक्य माझ्या हातातच अडकलं. मी बाटलीचं झाकण लावलं, चहा प्यायले, आणि कॅमेरा तसाच, अर्ध्या पुसलेल्या झाकणासह, पुण्याला घेऊन आले.

ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकातला ऑटोफोकसचा कॅमेरा कपाटात पडून आहे, त्यांना हा चिकटपणा ठाऊक असेल. हा कॅमेरा भिंतीतल्या फडताळात होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीला सुतळीची गाठ. मामाच्या पद्धतीची गाठ, सुटता सुटेना. कागद काढायला गेले तर तो निघेना. ओढला तेव्हा कपडा उसवल्यासारखा आवाज झाला, आणि कागदाचे पापुद्रे झाकणावरच राहिले. त्यांच्याबरोबर वर्तमानपत्राची अक्षरंही उतरली होती, उलटी. मी झाकण कपाटाच्या आरशासमोर धरलं तेव्हा एक ओळ अर्धवट वाचता आली. गुहागर आणि दापोली तालुक्यांतली कसलीशी बातमी होती, पुढचं फाटलेलं. बोट लावलं तर बोट सुटताना झाकण किंचित मागे ओढतं. हाताला तेल न लावता फणस चिरायला बसावं आणि चीक बोटांना धरून राहावा, तसं. साबणाने हात धुतले तरी दोन बोटं एकमेकांवर टेकवली की ती सुटताना जाणवत राहतात.

पहिल्यांदा कुणालाही वाटतं की ही घाण आहे. काहीतरी सांडलं असेल, तेलकट हात लागला असेल, स्वयंपाकघराचा धूर बसला असेल. मामीचीही तशीच समजूत होती. दरवर्षी ती ओल्या फडक्याने पुसायची आणि वरून पावडर लावायची. पावडर लावली की काही दिवस हाताला लागत नाही, मग ती थरात मुरते आणि चिकटपणा परत वर येतो. त्या पावडरीमुळे झाकणावर राखाडी ढग उमटले होते. त्यात कुठे फडक्याचा धागा, कुठे केस, कुठे मुंगीचा पाय. मी भिंग घेऊन बराच वेळ ते बघत बसले होते. घरात इतकी वर्षं जे जे हवेत तरंगलं त्याचा थोडा थोडा नमुना या झाकणाने धरून ठेवला होता.

बाहेरून आलेल्या या गोष्टी चिकटल्या खऱ्या, पण त्यांना धरणारा थर कॅमेऱ्याचा स्वतःचा होता. ते त्याचं मूळ कातडं होतं.

मामाने हा कॅमेरा मुंबईच्या बोरा बाजारातून आणला तेव्हा मी शाळेत होते. फोर्टातल्या त्या गल्लीत कॅमेरे, फ्लॅश, रोल यांची दुकानं आहेत, आणि कोकणातले फोटोग्राफर तिथे एसटीने किंवा गाडीने जाऊन महिन्याचा माल घेऊन येत. सेकंडहँड होता, पण नव्यासारखा. त्याच्या आधी मामाने सगळी कामं हाताने फोकस करायच्या, पुढच्या फोटोसाठी अंगठ्याने खटका ओढायच्या कॅमेऱ्यावर केली होती. त्याच्याही आधी, अगदी शिकताना, आग्फा क्लिक थ्री आणि त्यात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल. बारा फोटो, चौकोनी, काळे-पांढरे. त्यामुळे स्वतः रोल पुढे सरकवणारा, चार पेन्सिल सेलवर चालणारा हा कॅमेरा त्याच्यासाठी मोठी गोष्ट होती. त्याने तो मला हातात दिला होता, पट्टा आधी गळ्यात घालून मग. मला आठवतो तो स्पर्श. धातू गार लागतो, साधं प्लॅस्टिक पोकळ लागतं, हा कॅमेरा मात्र मऊ लागला. कोरडा मऊ, पीच फळाच्या सालीवर लव असते तशा जातीचा. नख ओढलं तर नखाची पांढरी रेघ उमटायची आणि बोटाने चोळली की जायची. "बघ, हातातून सुटतच नाही," मामा म्हणाला होता.

त्याला हातातून न सुटणारा कॅमेराच हवा होता. मे महिन्यातली कोकणातली लग्नं, पत्र्याच्या मांडवात दुपारी बाराचा मुहूर्त, व्हिडिओवाल्याचा हजार वॅटचा दिवा तोंडावर, आणि मंगलाष्टकांच्या शेवटच्या ओळीला गर्दीच्या वर हात करून काढायचा तो एक फोटो. परत काढता येत नाही असा. घामाने तळवे निथळत. जुना कॅमेरा तो रुमालात धरायचा. या मऊ थरामुळे रुमाल सुटला. म्हणजे हा थर शोभेचा नव्हता, त्याने खरंच काम केलं. कारखान्यात बसून कुणीतरी घामेजलेल्या हाताचा विचार केला होता आणि तो विचार चिपळूणच्या मांडवात उपयोगी पडत होता, याचं मला आजही कौतुक वाटतं.

त्या थराचं नाव पॉलियुरेथेन. जर्मनीत ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये पहिल्यांदा तयार केलेलं हे रसायन आज आपल्या घरात सगळीकडे आहे. गादीतला फोम, बुटांचे सोल, लाकडावरचं पीयू पॉलिश. कॅमेऱ्यावर ते रंगासारखं फवारतात, मऊ स्पर्श देणारा पातळ लेप म्हणून. त्याच्या काही प्रकारांत रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एस्टर नावाच्या बंधांनी जोडलेल्या असतात, आणि या बंधांचं पाण्याशी जमत नाही. ओतलेलं पाणीच लागतं असं नाही, हवेतली वाफ पुरते. वाफ आत शिरते, बंध तोडते, साखळीचे तुकडे होतात. तुटताना थोडं आम्ल तयार होतं आणि ते पुढची तोड आणखी भराभर घडवून आणतं. लांब साखळ्यांचे आखूड तुकडे झाले की घट्ट पापुद्रा उरत नाही, लगदा उरतो. हाताचं तेल आणि घाम यांची त्यात भर पडते. पण हात कधीच लागला नाही तरी हे व्हायचंच असतं. वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवलेले, लग्नाला म्हणून काढलेले बूट पहिल्या शंभर पावलांत तळाशी भुगा होऊन पडतात, तेही याच कारणाने. कोकणातल्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या साड्यांना वास येतो, मीठ बरणीत पाझरतं. अशा हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीला घट्ट गाठ मारून ठेवलेला कॅमेरा म्हणजे ती ओल त्याच्याबरोबर आत बांधून ठेवलेली. मामाने पहिल्यांदा ती गाठ किती काळजीने मारली असेल ते मला माहीत आहे. डिजिटल आलं, साधारण २००५ नंतर लग्नाच्या ऑर्डरी रोलवर कुणी देईनासं झालं, आणि त्याने हा कॅमेरा पुन्हा लागेल या भरवशावर बांधून ठेवला.

पुण्यात माझ्या टेबलावर ते अर्धवट झाकण पडून होतं. कामावर जाताना, येताना दिसायचं. त्या दिवसांत मला चिकट झालेल्या वस्तू सगळीकडे दिसायला लागल्या. शेजारच्या काकांची दुर्बीण, गाडीच्या दारावरची काच खालीवर करायची बटणं, छत्रीची मूठ, एका मैत्रिणीच्या वडिलांचा टेपरेकॉर्डरचा रिमोट. हाताला बरं वाटावं म्हणून जिथे जिथे मऊ लेप दिला होता तिथे तिथे तो सुटत होता. आतलं यंत्र धडधाकट, बाहेरचं हाताचं ठिकाण तेवढं खलास.

आणि मग चित्रपटांची आठवण येणं अटळ होतं. माझ्या घरापासून लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लांब नाही. १९६४ मध्ये ते सुरू झालं. तिथे ज्या जुन्या फिती सांभाळल्या गेल्या त्यांतल्या सगळ्यांत जुन्या नायट्रेटच्या. नायट्रेट फितीचा नाश कसा होतो ते ज्यांनी पाहिलंय ते सांगतात. आधी चित्र फिकट होतं, मग फितीचे पदर एकमेकांना चिकटायला लागतात, मग फेस येतो, रीळ एकजीव होतं आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. चिकटणं हा मधला टप्पा. तिथवर आलेलं रीळ माणूस उलगडू बघतो आणि चित्र सोलून निघतं. शिवाय नायट्रेट पेट घेतं. जानेवारी २००३ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात नायट्रेटच्या कोठीला आग लागली आणि कितीतरी चित्रपटांच्या उरल्यासुरल्या प्रती गेल्या. कोडॅकने १९४८ पासून नायट्रेटच्या जागी ॲसिटेटची सुरक्षित फीत आणली. ती तशी भडकून पेटत नाही, पण दमट हवेत तिचेही बंध सुटतात आणि त्यातून ॲसेटिक आम्ल निघतं. म्हणजे व्हिनेगर. मामाच्या निगेटिव्हचा एक पत्र्याचा डबा चिपळूणच्या घरात होता. मी तो उघडला तेव्हा आंबट भपकारा आला, डोळ्यांना झोंबेल असा. मामी म्हणाली, "यात लोणचं कुणी ठेवलं होतं गं?" लोणचं कुणीच ठेवलं नव्हतं. नवराबायकोंच्या, मुंजमुलांच्या, बारशातल्या बाळांच्या फिती आपापलं आम्ल सोडत होत्या, आणि बंद डब्यात ते आम्ल उरलेल्या फितींना खात होतं. मी डब्याचं झाकण काढून टाकलं, निगेटिव्ह कागदी पाकिटांत घातली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात, वारा लागेल अशी ठेवली. जे गेलं ते परत येत नाही, पण डबा उघडा ठेवला तर बाकीच्यांना थोडी वर्षं मिळतात.

मामाच्या फोटो स्टुडिओतली निगेटिव्ह तर त्या थोड्या वर्षांनाही मुकली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा स्टुडिओचं शटर बंद होतं. मामा त्याआधीच गेलेला. पाणी ओसरल्यावर मामेभावाने शटर उचललं, तेव्हा माळ्यापर्यंत चिखल होता. निगेटिव्हवरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो. पाण्यात तो फुगतो, आणि वाळताना शेजारच्या फितीला कायमचा धरतो. ओलं आहे तोवर पाण्याखालीच एकेक सोडवली तर वाचतात, एकदा वाळली की संपलं. पण त्या आठवड्यात चिपळुणात प्यायला पाणी नव्हतं, तिथे निगेटिव्हना कुठून देणार. ते गठ्ठे वाळले आणि विटांसारखे घट्ट झाले. कॅमेरा वाचला, कारण तो घरात होता आणि घर चढावर आहे.

मला वाटतं मामीने त्यानंतरच कॅमेऱ्याची पूजा जास्त मनावर घेतली.

खंडेनवमीला, दसऱ्याला आपल्याकडे ज्याची जी हत्यारं त्यांची पूजा होते. सुताराची करवत, डॉक्टरचा स्टेथोस्कोप, रिक्षा, वह्या-पुस्तकं. स्टुडिओतली पूजा मला लहानपणापासून पाठ आहे. लाल पडद्यासमोर, जिथे एरवी पासपोर्ट फोटोसाठी गिऱ्हाईक बसायचं त्या स्टुलावर कॅमेरा. शेजारी तिन्ही पाय पसरून उभा स्टँड, फ्लॅशची पांढरी छत्री उघडून ठेवलेली, तिच्या दांड्याला झेंडूची माळ. मामा कॅमेऱ्याला कुंकू लावताना फार सांभाळून लावायचा. लेन्सला टोपण घातलंय ना ते दोनदा बघायचा, आणि वर, निकॉनचं नाव असो की पेंटॅक्सचं, कुठलाही कॅमेरा असला तरी नावाच्या जरा वर एक टिकली. संध्याकाळी सोनं वाटून झालं की ओल्या कापडाने ती टिकली पुसून टाकायचा. कुंकवाची पूड शटरमध्ये गेली तर पात्यांना ओरखडे पडतात, असं म्हणायचा. मामा गेल्यावर मामी घरीच पूजा करू लागली. कॅमेरा पिशवीतून काढायची, देवघरासमोर पालथा ठेवायची, कारण लेन्सला काही होऊ नये हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. त्यामुळे कुंकू मागच्या झाकणावर लागायचं. आणि संध्याकाळी ती ते पुसत नसे. नव्या वर्तमानपत्रात गुंडाळून, कुंकवासकट, परत पिशवीत. तोवर झाकणाचा थर मऊ पडलेला होता. त्याने दरवर्षीचं बोट आत घेतलं आणि धरून ठेवलं. धडधाकट झाकणावरून ते कधीच झडून गेलं असतं.

तेव्हा झाकणावर पुसायचं काय आणि ठेवायचं काय, हा प्रश्न मला खरंच सुटेना. कुंकू ठेवायचं तर चिकट थर ठेवायला हवा, दोन्ही एकमेकांत मुरले होते. चिकट थर ठेवायचा तर कॅमेरा कुणी हातात घेणार नाही. तो पुन्हा कागदात गुंडाळला जाणार, आणि कधीतरी तो लगदा वाहत वाहत बिजागरीतून आत, शटरपर्यंत पोचणार. संग्रहालयातल्या वस्तूला काचेआड ठेवता येतं, तिला कुणी हात लावायचा नसतो. मामाचा कॅमेरा तसला नाही. त्याचं शटर अजून दर वेळी खणखणीत आवाज करतं.

एका शनिवारी मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. मोबाइल दुरुस्त करणारी मुलं तिथे दिवसभर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. पाण्यात पडलेल्या फोनचा बोर्ड त्यात बुडवून दातांच्या ब्रशने घासतात. 'आयपीए' म्हटलं की बाटली पुढे येते. चिपळुणात मी साधं सर्जिकल स्पिरिट वापरलं होतं. त्यानेही थर निघतो, पण आयपीए चटकन उडतं आणि मागे काही ठेवत नाही. ज्यांच्याकडे असा कॅमेरा आहे त्यांच्यासाठी इथे थोडं थांबून सांगते. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर यांना हात लावू नका. त्यांतली ॲसिटोनसारखी द्रावकं थराबरोबर खालचं प्लॅस्टिकही विरघळवतात, आणि मग दुधाळ डाग पडतात ते कायमचे. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. कापूस नको, त्याचे तंतू लगद्यात अडकून त्याचीच दाढी होते. जुना, शंभरदा धुतलेला सुती पंचा सगळ्यांत उत्तम. खिडकी उघडी, आणि समई-निरांजन विझवलेलं. कापड ओलं करायचं, कॅमेऱ्यावर थेंबही ओतायचा नाही. आधी सेल काढायचे. झाकण सुटं होत असेल तर सुटंच करायचं, आतल्या सोनेरी टोकांना आणि फिल्म दाबून धरणाऱ्या पट्टीला स्पर्श करायचा नाही. आतल्या आरशाला तर कधीच नाही. त्या आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो आणि मऊ कापडानेही निघतो. कॅमेऱ्यावरची छापील अक्षरं अल्कोहोलने उडू शकतात, तेव्हा नावाच्या जवळ जायचं ते कोरड्याच हाताने. मग चोळायचं, आणि घाई करायची नाही. पहिल्यांदा काहीच होत नाही, सगळं नुसतं पसरतं, आधीपेक्षा वाईट दिसतं. बहुतेक लोक तिथे सोडून देतात. थोड्या वेळाने थर गोळा व्हायला लागतो, त्याच्या बारीक काळ्या वळ्या होतात, शेवयांसारख्या नाहीत, खोडरबराच्या चुऱ्यासारख्याही नाहीत, त्या त्यांच्याच. कापडाची घडी सतत बदलायची, नाहीतर काढलेलं परत लागतं. कोपऱ्यांना इअरबड, खाचेला लाकडी टूथपिक. आणि मग एकदम कापड सरकायला लागतं. अडतच नाही.

हे सगळं मला येत होतं, बाटली आणलेली होती, तरी मी झाकण हातात घेऊन नुसती बसले होते. दिव्याखाली तिरपं धरलं तेव्हा एक गोष्ट दिसली. डावीकडचा, मी पुसलेला अर्धा भाग चकाकत होता. उजवीकडचा मॅट, राखाडी, चिकट. पण उजवीकडेच, वरच्या बाजूला, एक लांबट जागा डाव्या भागासारखीच चकाकत होती. बदामाच्या आकाराची, एका टोकाला निमुळती. मी तिथे पुसलं नव्हतं. बोट लावलं तर चिकटलं नाही. मग मी झाकण कॅमेऱ्याला परत जोडलं आणि कॅमेरा नेहमी धरतात तसा उजव्या हातात धरला, आणि माझा अंगठा नेमका त्या जागेवर गेला. थोडा आत गेला, कारण मामाचा अंगठा माझ्यापेक्षा मोठा होता.

कॅमेरा सुस्थितीत होता तेव्हाच, लग्नामागून लग्नात, त्या अंगठ्याने तेवढा थर झिजवून टाकला होता. नंतर बाकीचा थर कुजला, पण तिथे कुजायला काही उरलंच नव्हतं. सबंध झाकणात तेवढी एकच जागा मोकळी राहिली. मी भिंग लावून तिची कड पाहिली. आतून बाहेर थर हळूहळू जाड होत गेलेला, कुठेही तुटक रेघ नाही. आपण पुसतो तेव्हा कड फाटकी येते. हाताने झिजलेल्या कडेला उतार असतो.

आता मी उरलेलं पुसलं की सगळं झाकण त्या अंगठ्याच्या जागेसारखंच होणार होतं. त्याच जातीचं प्लॅस्टिक, तसंच चकाकणारं, तसंच कोरडं. ती जागा पुसली जाणार नव्हती, तिच्या भोवतीचं सगळं तिच्यासारखं होऊन जाणार होतं आणि मग ती कुठे सुरू होते, कुठे संपते ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. मला याचं बरंही वाटलं आणि पोटात तुटलंही. मामाच्या हाताने जे काम सुरू केलं तेच मी पुढे नेते आहे, असं म्हणायला सोपं होतं, पण त्याला ते करायला हजारो फोटो लागले होते आणि मला एक बाटली.

मी मामीला फोन केला. अंगठ्याचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्याचा चष्मा पण तसाच झिजला होता, नाकापाशी." कुंकवाचं विचारलं. थरासकटच निघेल, वेगळं ठेवता येत नाही, असं सांगितलं. "मग काढ की," ती म्हणाली. "दसऱ्याला नवं लावू. मला त्या दिवशी एकदम तुझ्या कापडाला लाल लागेल असं वाटलं, म्हणून बोलले."

पुसताना कापडाला लाल लागलंच नाही. कुंकू थरात इतकं मिसळलं होतं की आलं ते नुसतं गडद तपकिरी. अक्षतेचा दाणा मात्र अखंड निघाला, पांढरा स्वच्छ. अंगठ्याच्या जागेचा मी पुसण्याआधी फोटो काढून ठेवला, तिरप्या उजेडात, फोनवर.

पुढच्या खेपेला चिपळूणला गेले तेव्हा कॅमेरा स्वच्छ होता, पण बिजागरीच्या बाजूचा फोम हात लावताच डांबरासारखा बोटाला आला. तोही पॉलियुरेथेनचाच, उजेड आत जाऊ नये म्हणून लावलेला. तो खरवडून काढला, पण त्या जागी लावायला माझ्याकडे फोम नव्हता. मामीने तिच्या विणकामाच्या पिशवीतून काळी लोकर काढली. "हे चालेल का बघ, आधीच्या कॅमेऱ्याला मामाने लोकरच भरली होती." लोकर खरंच चालते, खाचेत नीट बसते आणि कुजत नाही. तिनेच ती टूथपिकने खाचेत दाबत नेली, टोकाला अगदी बारीक थेंब फेविकॉल. मग मी आणलेला रोल तिने माझ्या हातातून घेतला. मला वाटलं बघायला घेतला असेल. तिने डबी उघडली, रोल डाव्या खाचेत बसवला, फिल्मची जीभ लाल खुणेपर्यंत ओढली, झोळ काढला आणि झाकण लावलं. मोटरचा आवाज झाला आणि काचेवर एक आकडा उमटला. स्टुडिओत सगळे रोल मीच भरायचे, ती म्हणाली, लग्नात त्याला वेळ कुठे असायचा, तो रिकामा कॅमेरा मागे धरायचा आणि मी भरलेला पुढे द्यायचे. हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मागे धरलेला कॅमेरा घेणारे हात आणि तो पुढे देणारे हात, दरवेळी झाकण उघडणारे-लावणारे हात. त्या थरावर सगळ्यांत जास्त वेळा कुणाचा हात लागला असेल याचा मी उगाच हिशेब करायला लागले होते, तेवढ्यात ती आत जाऊन मामाचा फ्लॅश घेऊन आली.

"याचा दांडा पण तसाच झालाय," ती म्हणाली. "आणि सेल आतच राहिलेत गं, कधीचे कोण जाणे."

सेलचं झाकण उघडलं तर आत सगळी पांढरी पूड बसलेली, स्प्रिंगांना घट्ट धरून. अल्कलाइन सेलची गळती क्षाराच्या जातीची, तिला स्पिरिट काही करत नाही, तिला आंबट लागतं. मामीने लिंबू चिरलं आणि मी इअरबड शोधायला लागले.